घोसीपुरा, चढण शून्य

पायाला प्लास्टर, सहा आठवडे.
दौलतगंजच्या वळणावर स्कूटर घसरली
आणि वीज मंडळाचा एक हेडक्लार्क आडवा झाला.
फाळक्यांचा ओजस लॅपटॉप ठेवून गेला उशाशी:
"काका, गाडी चालवू नका, रूळ टाका.
चालवून चार दिवसांत कंटाळाल."

पहिल्या पडद्यावर काहीच नव्हतं.
एक हिरवा चौकोन, चारी बाजूंनी संपणारा,
वर फिकट आभाळ. वारासुद्धा नाही.
खाली प्रश्न: मार्गाचं नाव?
मी ऐटीत लिहिलं, ग्वाल्हेर ते श्योपूर.
ओजस म्हणाला, "आधी दोन स्टेशनं करा.
एक सायडिंग, एक सांधा.
गाडी जाऊन परत आली की बघू श्योपूरचं."
खोडून लिहिलं: घोसीपुरा ते मोतीझील.

दोन फुटी रूळ खेळाच्या कपाटात नव्हता.
साडेपाच फुटी होता, थाटामाटाचा,
आणि कुठल्याशा परदेशी खाणीतला एक, अरुंद,
कोळशाच्या ढकलगाड्यांचा. तोच घेतला.
झाडांच्या यादीत देवदार एकवीस जातींचे,
बाभूळ नाही.
घरांना झाडून सगळ्या धुराडी,
एका खिडकीला तर बर्फ कायमचं चिकटलेलं.
मी ती घरं पाठमोरी उभी केली
आणि लश्करचा पत्ता दिला त्यांना.

रूळ टाकणं म्हणजे रेघ ओढणं, असं वाटलं होतं.
रेघ ओढली. इंजिन ठेवलं.
शंभर मीटरवर तोंडघशी पडलं.
दोन तुकड्यांच्या जोडात
डोळ्याला न दिसणारी फट.
पुन्हा.
सांधा उलटा लागलेला, गाडी सायडिंगला शिरली
आणि थेट चौकोनाबाहेर, जिथे जमीनच नाही.
पुन्हा.
आता रूळ मातीच्या हातभर वर:
अख्खी गाडी हवेतून चालली,
खाली तिची सावली एकटी, रस्ता शोधत.
ते मी बराच वेळ बघत बसलो.
दुरुस्त करायला हात होईना.

सातव्या रात्री दिवे गेले.
जतन केलं नव्हतं. बॅटरी केव्हाचीच मेलेली.
वीज मंडळाचा माणूस मी,
शिवी द्यायची कुणाला?

रविवारी हरगोविंद कुशवाह आले, रुमालात बोरं घेऊन.
ओळख जुनी, त्यांच्या चुकलेल्या बिलापासूनची.
नोकरीभर फाटक सांभाळलं त्यांनी, घोसीपुऱ्याच्या पुढचं,
लहान गाडी बंद झाली तोवर.
चष्मा चढवला. पुन्हा पहिल्यापासून टाकलेला माझा
दीड किलोमीटर पाहिला, न बोलता.
मग, "फाटक कहाँ है?"
"अभी नहीं है."
"तो फिर गाड़ी काहे चला दी?"
आणि बोट टेकवलं थेट काचेवर,
बोरांचं मीठ लागलेलं: "यहाँ."
थोडं थांबून म्हणाले,
"और यहाँ गाड़ी धीमी होती थी.
डिरेवर के साले की चाय थी."

खेळात गाडी हळू होण्याची कारणं तीनच:
चढण, वळण, सिग्नल.
इथली चढण शून्य, रूळ सरळ.
साल्याच्या चहासाठी एकही बटण नाही.
शेवटी वेगमर्यादेची पाटी रोवली,
ताशी आठ, एका देवदाराच्या बुंध्याशी.

संध्याकाळी बायको ओलं फडकं घेऊन आली,
काचेवरचा डाग पुसायला.
थांब, म्हटलं.
डागाखाली बरोब्बर फाटक बसवलं, दोन खांब, एक आडवा दांडा.
जतन केलं. दोनदा केलं.
"पूस आता."

घोसीपुऱ्याहून गाडी सुटली.
फाटक पडलेलं, पलीकडे कुणी नाही.
पाटीशी आली तशी मंदावली,
आठ, सात, चालत्या माणसाला चढता येईल इतकी.
बायकोनं विचारलं, काही बिघडलं का?
मी सांगितलं नाही.
प्लास्टर निघायला अजून नऊ दिवस आहेत.