सरक

दांडिया बाजार, तिसरा मजला, रात्रीचे अकरा.
हर्षिल कंसारानं वहीचं फाटकं पान पुढ्यात धरलं:
"मॅडम, आ बन्ने एकज छे? खाली खसेली?"
खाली म्हणजे त्याच्या भाषेत नुसती.
आमच्याही घरात आता बऱ्याचदा तसंच.

पहिली:
क्ष घन, उणे सहा क्ष वर्ग, अधिक अकरा क्ष, उणे सहा.
मुळं उघड. एक, दोन, तीन,
बालवाडीच्या रांगेसारखी, एकमेकांचा सदरा धरून.
दुसरी:
क्ष घन, उणे पंधरा क्ष वर्ग, अधिक चौऱ्याहत्तर क्ष,
आणि शेवटचा आकडा त्याच्या अंगठ्याखाली.

संगणक अज्ञात सरक धरून सगळे कंस फोडत बसेल.
त्याला शिकवावं लागतं: आधी दुसरं पद बघ.
सहाचे झाले पंधरा. फरक नऊ. घात तीन.
सरकली असेल तर तीनच घरं,
तसूभर कमी नाही की जास्त नाही.
पण सरकलीच नसेल
तर हा तीन काहीच सिद्ध करत नाही.
दर वर्षी मी हे फळ्यावर लिहिते,
खाली दोन रेघा मारते.
तरी पेन्सिलीनं पानावर लिहून टाकलं: हो.

तेवढ्यात साताऱ्याहून माईआत्याचा फोन.
"'गमत नाही' काय गं? करमत नाही म्हण!"
पणजोबा मोजणी खात्यात कारकून होऊन इकडे आले,
आणि त्यांना वाटलं, सगळं एकाच मापानं सरकवलं:
सण, सोवळं, बोलण्यातला हेल,
पानात डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी.
मुळामुळांतलं अंतर राखलं की झालं.
उसळीवर शेव कधी पडली
ते मोजणीवाल्याच्या घरातही
कुणी टिपून ठेवलं नाही.

दुसरी बहुपदी हर्षिलनंच टाइप केली होती.
मी फोन कानाशी धरून कळ दाबली. वजाबाकी.
घन गेला. वर्ग गेला. क्ष गेला.
पडद्यावर उरलं: उणे एक.

त्यानं अंगठा उचलला.
एकशे वीस हवे तिथे एकशे एकोणीस,
गिरवून ठळक केलेले.
"भूल नथी, मॅडम. जाणीजोईने."
त्याला बघायचं होतं, कोण कुठल्या पदाशी थांबतं.

रबर मळकं होतं. तो 'हो' अजून वाचता येतो.
आत्याला म्हटलं, उद्या करते, आज फावणार नाही.
खाली सेवउसळीची गाडी उघडीच होती.
खाली म्हणजे, माझ्या भाषेत, खाली.