एकवीस पावलं

मैदान असं आमच्या बेटावर नव्हतंच.
मिरचीचं शेवटचं तोडून झालं की
दोन महिने जमीन आमची,
मग पुन्हा जमुनेची.

तोफाएलभाई धावत यायचा एकवीस पावलं.
पहिल्या पावलाला बांबूची खुंटी.
पूर ओसरला की खुंटी नसायची,
एखाद्या वर्षी खुंटीखालची जमीनही नसायची.
"आता सोळा," तो म्हणायचा
आणि तेवढ्यातच बसवायचा सगळा वेग,
आई जसा चार वाट्या तांदळात
सात जणांचा भात बसवायची.

मी यष्टींमागे. यष्टी म्हणजे तागाच्या काड्या,
दर बळीला नवी काडी.
टेप गुंडाळलेला चेंडू,
हातात अब्बांच्या नावेतला स्पंज, चपलेच्या पट्ट्यानं बांधलेला.
माझी करंगळी अजून वाकडी आहे.
ती सरळ करून घ्यावी असं कधी वाटलं नाही.

निर्मलेंदू सार गायबांध्याहून आले होते
भाचीच्या लग्नासाठी मिरच्या घ्यायला.
सहा चेंडू पाहिले उभ्यानं
आणि पोतं तिथंच विसरून गेले.
पुढच्या शुक्रवारी परत आले ते भाईला न्यायला.
मिरच्यांचं कुणी विचारलं नाही. आम्ही खाल्ल्या.

ढाक्याहून फोन आला : एकशे सेहेचाळीस!
"एकशे सेहेचाळीस काय?" अब्बांनी विचारलं.
किलोमीटर, ताशी.
अब्बांचं इंजिन अकरानं जातं, उलट्या पाण्यात सातनं.
ते बराच वेळ तेलकट हात पुसत राहिले.
"एवढ्या वेगानं जातो, तर पोचतो कुठे?"
बावीस यार्डांवर, मी म्हणालो.
त्यांना ते पटलं नाही.

सिल्हेटची पहिली कसोटी
घाटावरच्या मोक्सेदच्या टपरीत, बॅटरीवरच्या टीव्हीवर.
पहिल्याच षटकात तीन चौकार.
कुणीतरी म्हणालं, पोरगं घाबरलंय.
घाबरलं नव्हतं. पावलं मोजत होतं,
मला त्याचे ओठ दिसत होते.
मग अकराव्या षटकात ऑफ स्टंप उडाला,
दोन कोलांट्या घेऊन पडला,
आणि मी पाहिलं तर
माझे दोन्ही तळवे पुढे, ओंजळ उघडी,
आणि चहा मोक्सेदच्या लुंगीवर.

चार कसोट्या. सतरा बळी.
मग कण्यात एक चीर, केसाएवढी.
डॉक्टरांनी काळ्या फिल्मवर बोट ठेवून दाखवली,
त्याला आपली नदी दिसली म्हणे, वरून, विमानातून दिसते तशी.
ज्यांनी त्याच्या नावाची पोरं पाळण्यात घातली
तेच म्हणू लागले, काचेचं भांडं.

पट्टा बांधून तो घरी आला,
फळीवर झोपला.
रात्री काठ कोसळायचा. आधी धप्प, मग पाण्याचा श्वास.
"किती गेलं?" अंधारात विचारायचा.
"चार पावलं," मी न बघता सांगायचो.
कधी कधी खोटं सांगायचो, दोन.
त्याला कळायचं. कान त्याचेच जास्त तिखट.

तेरा महिन्यांनी राजशाहीत, लीगच्या सामन्यात,
प्रेक्षक म्हणजे दोन पोलीस आणि एक शेळी.
सोळा पावलांवरून आला.
वेग एकशे चौतीस.
वार्ताहरानं विचारलं, रन-अप कमी केलात,
ही कल्पना परदेशी प्रशिक्षकांची का?
तो हसला.
पेपरात तेवढंच आलं, की तो हसला.

पुन्हा बोलावणं येईल का, ठाऊक नाही.
संध्याकाळी फोन करतो, पाठीचं बोलत नाही,
पाणी कुठवर आलं ते विचारतो.

खुंटी मी काढून आणलीय या वेळी, पाणी चढायच्या आधी.
चुलीमागे उभी आहे, आईनं दोनदा जाळायला घेतली होती.
कुठे ठोकायची
ते पूर ओसरल्यावर बघू.