चौदा नंबरची तार

ऑक्टोबर सरला की आमचं मैदान रिकामं होतं.
तंबू गेले, पोरं गेली, आइस्क्रीमची गाडी
ताडपत्रीखाली झोपली.
कार्डिगनच्या उपसागराकडे तोंड करून
कुंपणाशी उरतात चाकांवरची तीन घरं,
आणि टॉर्च घेऊन खांबाखांबावरचे मीटर वाचणारी मी.

चौदा नंबरवर एम्रिस प्रिदर्च.
बसडेपोत चाळीस वर्षं वायरमन,
आता मोटारहोममध्ये एकटा हिवाळा काढतो.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
"ग्वेनो, तुझ्या लोकांना सांग,
तारेचं वेटोळं करून ठेवू नका.
सगळी उलगडा, पडू दे गवतात.
गुंडाळलेली तार
आतल्या आत तापते."
मी मान हलवली.
माझ्याही घरी बरंच काही गुंडाळून ठेवलेलं आहे.

बाकीचे दोघं मार्चपर्यंत निळा प्लग काढत नाहीत.
हीटर चालतो, टीव्ही चालतो,
फळीमागे चार्जर गुणगुणतो रात्रंदिवस,
आणि बॅटरी बिचारी न मागता वाढलेलं जेवते.
"माझी जुनी आहे," एम्रिस सांगतो,
"चार्जरही जुना. त्याला 'पुरे' कळत नाही.
भरल्या पोटी आग्रह करत राहतो,
लग्नघरच्या मावशीसारखा.
आतलं पाणी आटतं, शिशाच्या पट्ट्या उघड्या पडतात.
बाहेरून बघशील तर ठणठणीत.
मग एक दिवस वीज जाते."

त्याची मुलगी नॉन, कार्डिफला.
रोज संध्याकाळी साडेसहाला फोन.
जेवलास का. गोळी घेतलीस का.
खोली तयार आहे, डॅड, खिडकीतून बाग दिसते.
तो हो म्हणतो, हो हो म्हणतो,
आणि फोन ठेवल्यावर
किटली कशाला हातात घेतली ते विसरतो.

जानेवारीतल्या एका गुरुवारी
चौदाचा प्लग खांबावरून लोंबताना दिसला,
तोंडाला झाकण लावून, व्यवस्थित.
वारा असा, की मेंढ्या भिंतीला चिकटलेल्या.
मी दार ठोठावलं. आत एकच पिवळा दिवा,
आणि तो, अंगात कोट, पायांवर घोंगडं,
मांडीवर व्होल्टमीटर.
दुधाची बाटली खिडकीबाहेर दोरीला.

"बिघडलं का काही?"
"छे. दोन दिवस तिला स्वतःचं खाऊ देतोय.
बघतो, किती तिचं आणि किती तारेचं."
"आणि नॉन?"
"तिलाही सांगितलंय. रविवारपर्यंत करू नकोस."

साडेसहा वाजले.
आम्ही दोघांनी फोनकडे न बघण्याचं काम
मन लावून केलं.
चहा झाला. काचेवर मीठ साचत होतं.
बारा पूर्णांक पाच, त्याने कॅलेंडरवर
पेन्सिलीने लिहिलं. तासाभराने, चार.
दिवा मंद झाला
की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

शनिवारी सकाळी गेले
तर कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं.
"बाराच्या खाली गेली," म्हणाला. "म्हातारी झाली.
नवी घ्यावी लागेल."
मग स्वतःच खांबाशी गेला, चपला न घालता,
प्लग बसवला, खटका वर केला.
आत गुणगुण सुरू झाली.

खटक्यावर हात तसाच ठेवून म्हणाला,
"काल रात्री फोन केला नॉनला. मी.
बागेत काय लावलंयस, विचारलं.
म्हणाली, काहीच नाही, नुसतं गवत."

वहीत मी चौदासमोर लिहिलं:
दोन दिवस, शून्य युनिट.
परत निघाले तेव्हा त्याची नारिंगी तार
गवतात लांबलचक पडली होती, दवानं ओली,
आणि एक मेंढी एकेक पाय उचलून, जपून,
तिच्यावरून पलीकडे जात होती.