दोन वेढे, टोक आत

मोराच्या एका चादरीला तेराशे कार्डं लागतात.
त्यांतली भोकं मी पाडतो,
आलेखाचा कागद पुढ्यात धरून, घर मोजत.
एक भोक चुकलं तर मागावरच्या प्रत्येक चादरीत
मोर त्याच डोळ्याने आंधळा निघतो.
एकदा असे दोनशे आंधळे मोर
माझ्या हातून थेट बाजारात गेले.
अजून कुणीतरी पांघरून झोपत असेल.

हे सांगतोय कारण त्या गुरुवारी
मी चष्मा काढून ठेवला होता.

दुपारी बातमी आली. तिकडे, लांब, भर बाजारात स्फोट.
आकडा दर जाहिरातीनंतर बदलत होता.
पाच्छा पेठेत लाईट गेलेली, आणि माग थांबले
की आमच्या बोळात इतकी शांतता होते
की शेजारच्याच्या खिशातलं टिंग ऐकू येतं.
टिंग. रडणारी बाई. (कुठल्या जुन्या भूकंपातली होती, ते मागाहून कळलं.)
टिंग. मेणबत्ती.
टिंग. टाकीत विष कालवलंय, नळाला हात लावू नका.
आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं
आणि नेमका पाण्याचा वार.
गुंडेटीच्या आईने भरलेले चार हंडे गटारात ओतले,
मग पुढच्या पाच दिवसांचा हिशेब करत
ओट्यावर बसून राहिली.

"काय बघलालास बे?" राजेशमने विचारलं.
मी त्याला दाखवलं. अशोक चौक. निळ्या बॅगेवाला.
पाठमोरा, उन्हात पुसट, डोक्याला टोपी.
हाच तो. सोलापुरात आलाय. दहा जणांना पाठवा.

मी दहा जणांना नाही पाठवलं.
फक्त 'बोल्ली परिवार'ला पाठवलं,
एकशे बेचाळीस माणसं, भिवंडी, सुरत धरून.
पोरीबाळींची काळजी, असं स्वतःला सांगितलं.
खरं म्हणजे बरं वाटलं होतं,
काहीतरी केल्यासारखं.

रात्री तोच फोटो सुरतेहून परत आला.
आता बॅगेभोवती लाल गोल,
खाली मेव्हण्याच्या तेलुगूत दोन शिव्या.
चष्मा लावला.
गोलाच्या आत, अर्धवट चेनमधून
पुठ्ठ्याची कड डोकावत होती
आणि तिच्यावर सुतळीची गाठ.
डावीकडून दोन वेढे, टोक आत.
ही गाठ माझ्या बापाने मला शिकवली.
तो गेल्यावर ती मारणारा
मी एकटा उरलोय.

मुजम्मिल नदाफ.
तेरा वर्षं माझी कार्डं अक्कलकोट रोडला पोचवतो.
अकरा वाजता गठ्ठा मीच दिला होता,
ऊन आहे, टोपी घाल, म्हणून मीच ओरडलो होतो.

'सगळ्यांसाठी हटवा' दाबलं.
माझ्याकडचं गेलं.
सुरतेचं नाही गेलं. भिवंडीचं नाही.

त्याला चौकीत चार तास बसवलं.
तेराशे कार्डं एकेक करून उजेडाला धरली म्हणे,
भोकांतून काही लिहिलंय का ते बघायला.
मोर कुणालाच दिसला नाही.

तिकडच्या मेलेल्यांची नावं तिसऱ्या दिवशी आली.
ती मात्र कुणी कुणाला पाठवली नाहीत.
मीही नाही.

चुकलेलं भोक बुजवायला
आमच्याकडे कागदाच्या टिकल्या असतात,
खळ लावायची, वाळू द्यायची.
मंगळवारी डबा उघडून उगाच बघत बसलो होतो
तेव्हा मुजम्मिल आला. टोपी नव्हती. बॅगही नव्हती.
"मामा, प्लास्टिकची पिशवी असेल तर द्या,
आतलं दिसणारी."
मी शोधू लागलो.
"फोटो कुणी सोडला असेल हो पहिल्यांदा?"
कोण जाणे, म्हणालो.
आणि ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं.

गठ्ठा बांधायला घेतला.
डावीकडून दोन वेढे.
टोक काही केल्या आत जाईना.
तो शांतपणे पुढे आला
आणि सुतळीवर
त्याने बोट धरलं.