माती: नाही

मंगोर हिलच्या उतारावर माझी पत्र्याची शेड.
आजवर पेट्या केल्या त्या मूर्तींच्या, एका पियानोच्या,
एकदा एका रशियन बाईच्या कुत्र्यासाठी, जाळीची.
मोटारसायकलची ही पहिलीच.

इनास कार्दोझची यझदी.
पुढचा मडगार्ड पिवळा, म्हणजे पायलट.
तीस वर्षं वास्कोच्या स्टेशनाबाहेर
इंजिन बंद, डोळे उघडे.
उतरणाऱ्याच्या बॅगेवरून ओळखायचा:
हा बायणाला, हा दाबोळी विमानतळाला,
ही बाई चिखलीच्या इस्पितळात,
हिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत.

मे महिन्यात तो गेला.
त्याची शेवटची पेटी मी केली नाही,
ती मडगावहून तयार आली, पॉलिश मारून.
म्हणून हिची मापं मी दोनदा घेतली.

रोविनाचा फोन मेलबर्नहून.
च्यारीमामा, पप्पांची मोटारसायकल मला पाठवा.
मी म्हटलं, बाय, जहाजाच्या भाड्यात
तिथे दुसरी येईल, नवी.
ती गप्प. मग म्हणाली,
नवीच्या सीटला खड्डा नसेल.

पेट्रोल काढलं. दीड लिटर निघालं,
पाण्याच्या बाटल्यांत भरून ठेवलं.
बॅटरीच्या तारा सोडवल्या, टोकांना चिकटपट्टी.
आरसे काढून जुन्या पेपरात गुंडाळले.
हँडल उतरवून टाकीवर आडवं ठेवलं
आणि जरा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

चासीच्या नंबरावर पातळ कागद धरून
पेन्सिल आडवी घासली,
सुकतीला कालवांचे खडक वर येतात
तसे आकडे आले, एकेक.
एजंट म्हणाला, एक जरी चुकला
तर तिथूनच परत.

लाकूडही साधं चालत नाही.
भट्टीत तापवलेलं, शिक्का मारलेलं,
आतला किडा मेलेला पाहिजे.
फणसाच्या फळ्या आहेत, चांगल्या सुकलेल्या,
असं मी म्हटलं तर तो नुसता हसला.

आणि माती नको.
हे त्याने तीनदा सांगितलं. कणभर नको.
मातीत बी असतं, मुंगीची अंडी असतात,
त्या देशाला त्याची भीती.

तीन दिवस धुतली.
दातांच्या ब्रशाने, गोणपाट शिवायच्या सुईने, रॉकेलच्या बोळ्याने.
साखळीखालची निघाली काळी, ग्रीस प्यालेली.
मडगार्डाच्या पोटात मात्र लाल,
सावर्ड्याकडची, खाणीच्या ट्रकांमागची.
एका नवऱ्यामुलाची गाडी बंद पडली तेव्हा
इनासने त्याला मागे बसवून वेळेवर पोचवलं होतं,
फेट्यासकट लाल झालेला.
ते किती वर्षांपूर्वी, कोणाला माहीत.
खपलीवर खपली. नळाखालून पाणी
उतारावरून रस्त्याच्या गटारात गेलं,
शेजारच्या पोराने विचारलं, काय कापलंत?

टूलबॉक्स उघडला तर आत
कुंभारमाशीचं घर.
बोटाएवढं, सुबक, रिकामं.
स्पॅनरच्या टोकाने एकच टोला.
मग त्या जागेवर ओला कपडा, मग सुका.

इन्स्पेक्टर बॅटरी घेऊन आला,
वाकून वाकून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं.
फॉर्मवर रकाना होता. माती:
मी लिहिलं, नाही.
खाली सही केली.

पट्टे आवळले, झाकण ठोकलं, चाळीस स्क्रू.
कंटेनर मुरगाव बंदरावर गेला
आणि शेडमध्ये एका मोटारसायकलएवढी जागा झाली.

उरलं ते दीड लिटर.
पेट्रोल घरात ठेवू नये म्हणतात,
माझ्या स्कूटरमध्ये ओतलं.
काम काही नव्हतं, तरी स्टेशनापर्यंत गेलो.
गाडी नुकतीच लागली होती.
एक माणूस सरळ माझ्याकडे आला,
पाठीवर सॅक, हातात तिकिटाचा कागद.
दाबोळी?
माझा मडगार्ड निळा आहे, हे त्याने पाहिलंच नाही.
म्हटलं, बसा.