पायाचं माप

देगूची तिसरी लाइन एकाच रुळावरून, हवेतून जाते.
इमारतींच्या अगदी जवळ आली
की डब्याच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात,
कुणाच्या घरात कुणी डोकावू नये म्हणून.
मोराग म्हणते, दोन वर्षं झाली,
मला अजून इथलं एकसुद्धा स्वयंपाकघर दिसलेलं नाही.
खोत्सो हसतो. काच निवळते. खाली नदी,
काठावर हात झुलवत चालणाऱ्या म्हाताऱ्या,
सगळ्यांचे केस एकाच सलूनमधले.

शनिवार. काल पगार झालाय.
सोमुन बाजारात शिरता शिरताच चष्म्यावर वाफ.
लाकडी बाकावर आम्ही तिघं, कोपराला कोपर लावून.
समोर बाई कणकेच्या पट्ट्या कापते
सुरीकडे न बघता, शेजारणीशी भांडत,
तरी पट्टीला पट्टी सारखी.
काल्गुक्सूचे तीन वाडगे. सोबत चपटे मांदू,
ज्यांच्यात सारण असल्याचा नुसता संशय.
"पाकीट आहे, आत पत्रच नाही," मोराग म्हणते
आणि दुसरी बशी मागवते.
तिखट बाईनं आमच्या वाट्याला हात राखून घातलेलं.
खोत्सो वाडगा पुढे करतो: अजून.
ती त्याच्याकडे बघते. एक चमचा. आणखी एक.
मग बरणीच आणून आदळते समोर.
तिथून पुढे आम्ही पाहुणे नव्हतो, गिऱ्हाईक होतो.

इथं वस्तू मोजायचे आकडे वेगळे
आणि पैसे मोजायचे वेगळे.
मोजे मी एका मोजणीत मागते, किंमत दुसरीत ऐकते,
आणि मधल्या क्षणभरात
थोडी श्रीमंत होते किंवा पार कफल्लक.
दहा जोड मोजे.
एक गुलाबी पांघरूण, त्यावर वाघ, वाघाला पापण्या.
आईसाठी तिळाच्या तेलाची बाटली, मोरागची,
विमानात फुटेल या भीतीनं चार पिशव्यांत कोंबलेली.
खारवलेली पानं घेतली तर वजन झाल्यावर
म्हातारीनं वरून एक मूठ टाकली. म्हणाली, सर्विस.

मग खोत्सोचे बूट.
त्याच्या गावी, मासेरूच्या वर डोंगरात, जूनमध्ये बर्फ पडतं.
हे तो दर पार्टीत सांगतो, कुणाला खरं वाटत नाही.
इथं पाय मिलिमीटरमध्ये मोजतात.
तीनशे दहा, मी सांगितलं.
ओक-सूनबाईंनी मला आकडा परत विचारला,
मग परत. माझ्या कोरियनवर त्यांचा विश्वास बसेना.
मग त्याच्या पायाकडे बघितलं
आणि गल्लीत तोंड काढून आरोळी ठोकली.

चार दुकानांतून बूट आले. दोनशे ऐंशी, दोनशे नव्वद.
एक माणूस घाम पुसत रबरी गमबूट घेऊन आला.
बुटक्या स्टुलावर खोत्सो, गुडघे कानापाशी,
आणि भोवती सगळी गल्ली
त्याच्या टाचेला धीर देत.
शेवटी बाईंनी एक खोका फाडला,
पुठ्ठ्यावर त्याचा पाय ठेवून भोवती बॉलपेन फिरवलं.
त्याला गुदगुल्या झाल्या. रेघ करंगळीपाशी हलली.
बुसानहून मागवते, म्हणाल्या. दीड महिना.
पैसे आत्ता नकोत.

दीड महिना.
शाळेनं त्याचा करार वाढवला नाही, हे मंगळवारी कळलं.
तिकीट वीस डिसेंबरचं.
मी शब्द जुळवत होते. 'नको'ला इथं किती वळसे घालावे लागतात.
पण दीड महिना एवढं त्याला माझ्याशिवायही कळतं.
तो उठला, दोन्ही हातांत त्यांचा हात घेतला,
वाकला आणि म्हणाला, ने. हो.
बाईंनी पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं. नाव विचारलं नव्हतं.
खिळ्याला अडकवला तो,
कॅलेंडरच्या शेजारी.

हॉत्तॉकच्या पाकानं मोरागची जीभ पोळली.
त्यावर ती स्टेशनापर्यंत बोलत राहिली, बरं झालं.

परत तीच लाइन. बाहेर अंधार,
घराघरांतून दिवे लागलेले, आणि नेमक्या तिथेच
काचा पांढऱ्या.
ती वाफ नाही, बोटानं पुसली जात नाही.
आम्हाला तिघांनाही ठाऊक आहे.
मांडीवर वाघ घेऊन बसलेला खोत्सो
तरी बाहीनं एकदा पुसून बघतो.