इतिहास थोडक्यात लिहावा

फॉर्मवर सातव्या ओळीत छापलंय:
इतिहास थोडक्यात लिहावा.
पुढे दीड बोट जागा.

सणसवाडीहून पोपट गव्हाणे आले,
थर्माकोलचा डबा, आत आठ कोंबड्या,
बर्फाचं केव्हाच पाणी झालेलं.
इतिहास? मी विचारलं.
"कालपस्तोर दाणा खात व्हत्या.
मग एकेक कोपरा गप होत गेला.
साडेतीन हजारांचं शेड, मॅडम,
मला माझ्या चपलांचा आवाज आला."
मी लिहिलं: अचानक मरतूक.
जागा उरली.

औंधातल्या या बैठ्या इमारतीत
काय काय येतं, कशाकशातून.
मुळशीच्या जर्सीचं रक्त इंजेक्शनच्या बाटलीत,
लम्पीच्या खपल्या एकदा लोणच्याच्या बरणीत,
झाकणाला मोहरीचा वास तसाच.
आठवडाभर कुणी डब्यात लोणचं आणलं नाही.

डॉक्टर खिलारे, आडनावातच बैल,
भिंगावरून मान न उचलता म्हणतात, ये, बघ.
तांबड्या पेशीत थायलेरिया:
एवढासा स्वल्पविराम.
असे कितीतरी, पेशीपेशीत,
आणि वाक्य पुढे जात नाही.

लहू कोंबडी उघडण्याआधी
तिचे दोन्ही पाय सारखे करून ठेवतो.
पद्धतीच्या पुस्तकात हे कुठेच नाही.
एकदा विचारलं, तर सुरीला धार लावत बसला.

ज्या रोगानं कोंबडी मेली
तो ओळखायला पुन्हा अंडंच लागतं.
अंधाऱ्या खोलीत नऊ दिवसांचं अंडं
मी दिव्यावर धरते:
आत लाल फांद्यांचं झाड,
झाडात हलणारा एक ठिपका.
कवचावर पेन्सिलीची खूण,
सुईएवढं भोक, थेंबभर नमुना, वर मेण.
मग सकाळ-संध्याकाळ पुन्हा दिवा.
झाड विझलं की वहीत तास लिहायचा.
पहिल्या वर्षी मी तास लिहून बाहेर जायचे,
नळ सोडून नुसती उभी राहायचे.
आता पुढचं अंडं उचलते.

मांजर आमच्या छापील यादीत नाही.
गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, इतर.
दापोडीची तबस्सुम इनामदार, आठवीतली,
डब्याच्या पिशवीतून 'इतर' घेऊन आली.
मालकाचं नाव?
कुणीच नाही. जिन्याखालची आहे.
इतिहास मात्र तिनं घरूनच आणलेला,
वहीची अडीच पानं, समास सोडून:
सोमवारी माझ्या दप्तरावर ओकली, मी घरी सांगितलं नाही.
मंगळवारी पाण्याच्या वाटीवर मान टेकून बसली, पाणी प्यायली नाही.
डॉक्टरांनी त्या ओळीखाली रेघ ओढली.
म्हणाले, निदान हिनंच केलंय, आपण फक्त सही करायची.
तिला ते नकोच होतं.
उरलेली तीन पिल्लं कुठे ठेवू, एवढंच सांगा.
मी पानं फॉर्मला टाचली
आणि दीड बोट जागेत लिहिलं:
सोबत जोडला आहे.

चौथ्या दिवशी गव्हाण्यांना फोन केला.
खड्डा त्यांनी कधीच बुजवला होता, चुना टाकून.
"नाव कळलं का?"
कळलं. मानमोडी.
"बरं झालं," म्हणाले,
आणि फोन ठेवला नाही.
रिकाम्या शेडमधला पंखा
बराच वेळ ऐकू येत राहिला.

निघताना जांभळ्या पाण्यात पाय बुडवायचे.
नखांच्या कडा दोन-दोन दिवस तशाच.
बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवर अंड्यांचा ट्रे,
खड्डा आला की ती दोन्ही तळवे वर धरायची.
सांगवी फाट्याला ऊन खिडकीतून तिरपं आलं.
बाजारातल्या अंड्यात काही नसतं,
मला माहीत आहे.
तरी वाटलं, मागावं एक,
धरावं उजेडाला.